पाव्हन्याचं पानी

आमच्या घरी पाहुण्यासाठी पाणी वेगळं ठेवायची रीत होती. माजघरात शिरलं की डाव्या हाताला, खिडकीखाली, एका लाकडी घडवंचीवर तांब्याची कळशी असायची. सकाळी विहिरीचं पहिलं पाणी निघालं की आई ती चिंचेने घासून, फडक्यातून गाळून भरायची आणि वर ताटली झाकायची. त्या कळशीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. आमचं पाणी स्वयंपाकघरातल्या माठात. दारात कुणीही येवो, बाबांचा मेहुणा येवो, शेजारच्या आळीतला कुणी निरोप घेऊन येवो, नाहीतर बोंबील विकायला राजोडीकडून आलेली बाई टोपली उतरवून ओटीवर टेको, त्याला आधी त्या कळशीतलं पाणी आणि तळहातावर गुळाचा खडा. मग काय ते बोलणं. लहानपणी मी एकदा खेळून आले आणि माठापर्यंत जायचा कंटाळा म्हणून त्या कळशीत पेला बुडवला, तर आईने असा धपाटा घातला की पाणी नाकातून बाहेर आलं. "ते पाव्हन्याचं पानी हाय! तुला कडू लागतं काय माठातलं?" म्हणाली. दोन्ही पाणी एकाच विहिरीचं होतं, तरी.

आमचं गाव वसईत, पापडीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. घराला लागून वाडी, वाडीत केळी, थोडी फुलझाडं, पण जीव सगळा पानवेलीत. खायच्या पानांचा मळा ज्याने केला नाही त्याला मी काय सांगू? पानवेल म्हणजे घरातली नाजूक सून. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, जास्त पाणी सोसत नाही आणि कमी तर मुळीच नाही. बाबा संध्याकाळी वेलींना पाणी सोडायचे तेव्हा अनवाणी जायचे. चपलेला लागून आलेली माती सुद्धा नको त्यांना. मळ्यात शिरलं की एक गारवा अंगावर यायचा आणि हिरवा, किंचित तिखट वास. मी दुपारी पुस्तक घेऊन तिथेच बसायचे. विहिरीवर माझ्या अगदी लहानपणी रहाट होता, त्याचं कुरकुरणं मला पुसटसं आठवतं. पुढे छोटी मोटर आली. ती दिवसातून थोडा वेळ चालायची आणि मग बाबा ती बंद करून विहिरीत वाकून बघायचे. "तिला दम खाऊ दे," म्हणायचे. विहिरीबद्दल ते असंच बोलायचे, घरातल्या माणसासारखं. आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक होतं की खाडी जवळ आहे. गोडं पाणी वरच्या वर तरंगतं आणि त्याच्या खाली खारं दबा धरून बसलेलं असतं. ओरबाडलं की ते वर येतं. हे काही कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. चालायला लागलेल्या पोरालाही ते कळायचं.

आमच्या वाडीच्या पलीकडची वाडी जगनची. जगन म्हणजे बाबांच्या चुलत चुलत्याचा मुलगा, नात्याने माझा काका, पण वयाने बाबांहून पुष्कळ लहान. त्याची आई लवकर गेली, म्हणून तो आमच्याच स्वयंपाकघरात वाढला म्हटलं तरी चालेल. तांदळाच्या भाकरीबरोबर आईच्या हातचं सुकटीचं कालवण हे त्याचं ठरलेलं. "वैनी, काय हाय?" म्हणत तो थेट चुलीपाशी यायचा आणि पाटसुद्धा न घेता बसायचा. तिकडे स्टेशनच्या बाजूला, नायगावला, वसई रोडला इमारतींवर इमारती उठत होत्या आणि त्या इमारतींत नळ होते पण नळांना पाणी नव्हतं. आता बघा, ज्याने इमारत बांधली त्याने पाण्याची सोय करायची की नाही? ज्याने परवानगी दिली त्याने विचारायचं की नाही? कुणी विचारलं नाही. टँकर आले. आणि टँकरला पाणी कुठलं, तर आमचं. आसपासच्या गावांत ज्याची म्हणून विहीर होती त्याच्या दाराशी माणसं फिरू लागली. पुष्कळांनी नाही म्हटलं. जगनने हो म्हटलं. पहिल्यांदा एक टँकर, मग दोन, मग त्याने स्वतःचेच घेतले. विहीर खोल करून घेतली, दोन मोठ्या मोटरी बसवल्या आणि त्या पहाटेपासून जी घरघर चालू व्हायची ती अंधार पडेपर्यंत थांबायची नाही. टँकर भरून निघाला की रस्त्यावर पाण्याची धार सांडत जायची. आई ओटीवर उभी राहून त्या धारेकडे बघायची.

मी आज नायगावच्याच एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणी म्हणेल की हिला फ्लॅटवाल्यांचा राग. फ्लॅटवाल्यांचा कसला राग! ती बिचारी कोकणातून, घाटावरून, परळ-लालबागेतून आलेली नोकरदार माणसं. सगळी पुंजी घालून घर घेतलं आणि जिन्यावरून बादल्या वाहत बसली. पाणी हवंच होतं त्यांना. माझा राग ज्यांनी दोघांच्या मध्ये उभं राहून दोघांनाही नागवलं त्यांच्यावर आहे, आणि तो इतकी वर्षं झाली तरी कमी होत नाही. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत अजून टँकर येतो. तो मागे घेताना वाजतो ना, ते ऐकलं की मी गॅलरीचं दार लावून घेते. नवरा म्हणतो, किती दिवस धरून ठेवशील? मी म्हणते, मरेपर्यंत.

तर आधी कळलं ते आईला. बाबांच्या वेलींना कळायच्याही आधी. एक दिवस तुरीची डाळ शिजेना. दुपार झाली, लाकडं संपत आली, डाळ आपली टणक. आईला वाटलं डाळ जुनी निघाली. दुसरी आणली, तीही तशीच. मग भाताला पिवळट रंग यायला लागला, साबणाला फेस येईना, आणि एका सकाळी चहात दूध घातलं तर चहा फुटला. आई चुलीपुढे तशीच बसून राहिली. मग उठली, विहिरीवर गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "अवो," तिने बाबांना हाक मारली, "खारं आलं!" बाबा मळ्यात होते. ते धावत आले नाहीत. हळूहळू आले, कारण त्यांनी त्याच आठवड्यात वेलींच्या पानांच्या कडा करपलेल्या पाहिल्या होत्या आणि मूग गिळून बसले होते.

तेव्हापासून गोडं पाणी पापडीच्या बाजूच्या फिलूबायच्या विहिरीवरून यायला लागलं. फिलूबाय आईची बाजारातली मैत्रीण. दोघी शेजारी-शेजारी बसून आई पानं विकायची आणि ती केळी. तिची विहीर इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या मागे, खाडीपासून लांब, अजून गोडी होती. पण तिच्याही विहिरीवर दहा घरं तुटून पडलेली, म्हणून आई लाजेकाजेने एकच कळशी आणायची. मी सायकलच्या कॅरियरला बांधून ती आणायचे. आणि ते पाणी कुठे जायचं ठाऊक आहे? घडवंचीवर! पाहुण्याला! आम्ही खारं प्यायचो. बाबा, आई, मी, सगळे. भाजीत मीठ घालायची गरज उरली नव्हती. मी चिडायचे. "अगं, आपण काय ढोरं आहोत का?" आई म्हणायची, "आपल्या घरातलं दुखनं पाव्हन्याच्या तोंडात घालायचं काय?" मी कपाळावर हात मारून सायकल काढायचे.

बाबा आणि गावातल्या आणखी बागायतदारांनी तहसील कचेरीत तक्रार केली. म्हणणं साधं होतं. टँकरच्या उपशाने विहिरी खाऱ्या झाल्यात, वाड्या मरतायत, मोटरी बंद करा. कचेरीतून सांगणं आलं की साहेब येतील, पाणी पाहतील. खारं निघालं तर उपसा बंद, नाहीतर तक्रार खोटी. सगळं त्यावर होतं. वेली अजून निम्म्या जिवंत होत्या. पाऊस पडून वरचं पाणी गोडं होईपर्यंत जर मोटरी थांबल्या असत्या तर त्या तगल्या असत्या, असं बाबा म्हणत होते आणि मला अजूनही वाटतं की ते खरं होतं.

साहेब यायचे त्या दिवशी बाबा आणि बाकीचे विहिरीवर जाऊन उभे राहिले. बादली घासून ठेवली, दोर नवा घातला. मी घरात होते. आणि जीप येऊन थांबली ती आमच्या ओटीपुढे. साहेबांबरोबर गाडीतून उतरला कोण, तर जगन! रस्ता दाखवायला म्हणे. "या साहेब, बसा, सावलीत बसा," असं म्हणत तो आमच्या ओटीवर आमच्याच झोपाळ्यावर त्यांना बसवायला लागला. मग आत तोंड करून त्याने नेहमीच्या आवाजात हाक दिली, "वैनी, सायबांना पानी द्या ना!"

आईने पदर सारखा केला, कळशीवरची ताटली काढली, पितळी पेला भरला, बशीत गूळ ठेवला आणि बाहेर नेऊन दिला. मी चुलीपाशी चहाचं आधण ठेवत होते, तेही त्याच पाण्याचं. साहेब पाणी प्यायले. एक पेला, वर आणखी अर्धा. "वा," म्हणाले, "पाणी तर गोड आहे की!" जगन म्हणाला, "आमच्या गावचं पानीच तसं हाय साहेब." मी चहा घेऊन बाहेर आले तोवर साहेब उभे राहून चपला घालत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, थांबा, हे आमच्या विहिरीचं पाणी नाही! हे पापडीहून आणलंय, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. विहीर तिकडे आहे, बाबा तिकडे उभे आहेत, तुम्ही चला." साहेब माझ्याकडे बघून हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसे. "बाळ," म्हणाले, "मी स्वतः प्यायलोय ना?" जगन म्हणाला, "शिकलेली हाय साहेब, कोनाचं ऐकनार नाय." आणि जीप गेली सुद्धा. बाबा विहिरीवर बादली धरून उभेच होते.

मला समजायला तो अख्खा दिवस लागला आणि समजलं तेव्हा मी रडले नाही, दात-ओठ खाल्ले. जगन साहेबांना विहिरीवर न नेता ओटीवर का घेऊन आला? त्याला माहीत होतं! आमच्याच घरात जेवून मोठा झालेला तो, त्याला घडवंचीवरची कळशी माहीत होती. आमच्या गावातली कुठलीही बाई जीव गेला तरी दारात आलेल्या माणसाच्या हातात खारं पाणी ठेवणार नाही, हे त्याला जितकं ठाऊक होतं तितकं त्या बाहेरच्या साहेबाला कसं ठाऊक असणार? परक्या माणसाला हे सुचलंच नसतं. त्याने आईच्या चांगुलपणाचा असा वापर केला आणि तोही तिलाच हाक मारून, तिच्याच हातून. बाबा त्या दिवशी आईला एवढंच म्हणाले, "त्यांनी आपलं पानी पाहायचं होतं." आई म्हणाली, "आन मी काय करायचं होतं? खारं देऊ? दारात आलेल्या मानसाला?" बाबा उठून मळ्यात निघून गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. आई त्यानंतर कित्येक दिवस जेवताना ताटावर मान खाली घालून बसायची, जणू काही गुन्हा तिने केला होता. लोकही काय बोलतील! बाजारात एका बाईने तिला तोंडावर विचारलं, "तुमीच ना त्या, सायबाला गोडं पाजनाऱ्या?" फिलूबायने त्या बाईला अशी झाडली की विचारू नका. पण आईच्या मनात बसायचं ते बसलंच.

पावसाळा आला, गेला. मोटरी चालूच. वेली एकेक करून गेल्या. आधी कडा करपायच्या, मग पान काळं पडायचं, मग खालून खोड मऊ होऊन वेल आडवी. बाबा रोज सकाळी जाऊन मेलेल्या वेली काढून बांधावर ठेवायचे. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. आज साहेब दौऱ्यावर, उद्या मीटिंग, परवा कागद वर गेलाय. बाबांसारखा मितभाषी माणूस तिथल्या बाकावर बसून बसून इतका वाकला की मला बघवेना. शेवटी पुन्हा पाहणी ठरली. साहेब तेच.

या वेळी आई म्हणाली, "ओटीवर कोनाला बसवायचं नाय. मी हाय विहिरीवर." आणि पहाटेच आंघोळ करून, अंगावर शाल घेऊन ती विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. आळीतली सगळी माणसं आली, फिलूबाय पापडीहून आली. उजाडलं-न-उजाडलं तोच साहेब आले, त्यांना पुढे कुठे जायचं होतं म्हणून घाईत. गळ्याभोवती मफलर. बरोबर जगन. आईने सगळ्यांच्या समोर बादली सोडली, पाणी ओढलं, पेला विसळला, भरला आणि साहेबांपुढे धरला. मी शेजारी होते, मला दिसत होतं की अजूनही, एवढं सगळं होऊनही, पाहुण्याला असलं पाणी देताना तिचा जीव वर-खाली होतोय.

साहेबांनी ओठ लावले आणि तोंड वाकडं केलं. "खारट लागतंय जरा," म्हणाले. आमच्या माणसांत एकदम आवाज झाला, बाबांनी डोळे मिटले. इतक्यात जगन म्हणाला, "साहेब, बादलीत मीठ टाकलं असनार. आधीच तयारी केलीय यांनी." आणि साहेब, खोटं नाही सांगत, साहेब बादलीत वाकून बघायला लागले! आमच्या विहिरीवर, आमच्यावर मिठाचा आळ!

माणसं धावून जायची बाकी होती. पण आई पुढे झाली. तिने बादली उपडी केली, ती आणि दोर जगनच्या हातात दिला. आवाज चढवला नाही. "तूच काढ," म्हणाली. "तुज्या हातानं काढ. आन तूच पी. सायबांना इथली चव काय कळनार? तू इथला हायस, तू सांग." जगनला नाही म्हणता येईना. वहिनीने दिलेलं पाणी गावासमोर कसं नाकारणार? त्याने बादली सोडली, पाणी काढलं. आईने पेला बाजूला ठेवला आणि तांब्याच भरून त्याच्या हातात दिला. तो एका दमात सगळा प्यायला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तोंड पुसून म्हणाला, "गोड हाय, साहेब."

आईने त्याच्या हातातला तांब्या घेतला, पुन्हा बादलीत बुडवला. "गोड हाय ना? मंग घे." त्याने तो घेतला. प्यायला. घशाशी थांबत थांबत, पण प्यायला. "गोड हाय." आईने तिसरा भरला. "पुरे वैनी," तो म्हणाला. "पुरे कसं?" आई म्हणाली, "माज्या घरचा पाव्हना तू. ल्हानपनी मागून घ्यायचास. घे." त्याने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. त्याने तिसरा तांब्या तोंडाला लावला, निम्मा प्यायला, आणि तांब्या टाकून केळीच्या बुंध्याशी धावला. तिथे वाकून त्याने भडाभडा ओकलं. पाणीच पडत होतं नुसतं.

साहेबांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता आणि ते लिहीत होते. "स्थानिक रहिवाशाच्या समक्ष," असं त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं, "पाणी पिऊन पाहता, गोड." बाबा खाली बसले. आई तशीच चालत जीपपाशी गेली, ओल्या हातांनी, आणि साहेबांच्या समोर उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "ह्यो ओकला कशानं, तेवढं पन लिवा."

साहेबांनी पेनला टोपण लावलं, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि केळीखाली वाकलेल्या जगनकडे एकदा पाहिलं.

"ऊन लागलं असेल," म्हणाले, आणि मफलर सारखा करून गाडीत बसले.

माघ महिना होता. सूर्य अजून केळीच्या वर आला नव्हता आणि आम्ही सगळे शाली पांघरून उभे होतो.